भिंतीकडे तोंड केलेली काच

शाळेच्या ज्या प्रयोगशाळेत मी सत्तावीस वर्षं सहायक म्हणून बसतोय, तिच्या कोपऱ्यात एक सापळा उभा आहे. प्लास्टिकचा. पावसाळ्यात त्याच्या खांद्यावर मी माझा टॉवेल वाळत घालायचो. भुताखेतांबाबत माझं मत काय होतं, ते एवढ्यावरून तुमच्या लक्षात आलं असेलच.

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो — तेही जेवताना, बायकोला मोठ्याने वाचून दाखवत, मध्येमध्ये हसत. आज मीच लिहायला बसलोय आणि ती समोर बसून भेंडी चिरतेय. हसत नाहीये. हसली असती तर बरं वाटलं असतं.

आम्ही शहाद्याला राहतो. मी आणि सुनंदा. मुलगी लग्न होऊन नाशिकला. मला एक छंद आहे, म्हणजे सुनंदाच्या भाषेत ‘आजार’. काचेवर रंगवलेली जुनी चित्रं जमवणं. श्रीनाथजी, रामपंचायतन, हातात पोपट घेतलेली बाई, कुठे नुसतीच वेलबुट्टी... पूर्वी गुजरातकडून रंगारी यायचे, देवळाचं काम करायचे आणि जाता जाता गावात चार काचा रंगवून द्यायचे. कोणी घर पाडायला काढलं की मी भंगारवाल्याच्या आधी तिथे हजर. तळोद्याला एकदा एका पाडकामाच्या ढिगाऱ्यात मी इतका वेळ उकरत होतो, की मुकादमाने मला मजूर समजून पाटी उचलायला लावली. उचलली. चित्र मिळालं.

“लोकं प्लॉट लेतस,” सुनंदा म्हणते, “आन आमना घरना माणूस खिडकीनी काच लेस!”

काचेवरच्या चित्राची एक गंमत आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हे चित्र काचेच्या मागून काढतात आणि पुढून बघतात. त्यामुळे सगळा कारभार उलटा. कागदावर आधी चेहरा, मग डोळे, शेवटी टिकली. काचेवर सगळ्यात आधी टिकली, मग डोळ्यांच्या रेघा, त्यांच्यावर चेहऱ्याचा रंग, त्यावर साडी, आणि शेवटी मागची निळी भिंत. आधी आहेर, मग जेवण, मग अक्षता आणि सगळ्यात शेवटी मुलगी बघायला जाणं — तसं. एकदा चित्र झालं की त्यात पुढे काही घालता येत नाही, आणि पुढचं काही पुसता येत नाही. पहिल्यांदा काढलेली गोष्ट बाकी सगळ्या रंगांच्या खाली, काचेला चिकटून कायमची बसते.

तर, तीन वर्षांपूर्वीची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी जातात. सुनंदाचे आई-वडील गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे धानोऱ्याचं मामाचं घर. मामाही आता नाहीत. त्यांचा मुलगा भटूभाऊ शेती बघतो, त्याची बायको रंजनावहिनी घर आणि भटूभाऊ दोन्ही बघते. आणि घरात सगळ्यात आतल्या खोलीत जिजी. जिजी म्हणजे सुनंदाची थोरली मामी, भटूभाऊची काकू. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा तापाने गेला, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. तेव्हापासून त्याच घरात. मी पाहिली ती कायम फिकट लुगड्यातली, कपाळ मोकळं, वाटेतून बाजूला सरकणारी अशी. आता पंचाऐंशीच्या पुढे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, बहुतेक वेळ खाटेवर.

भटूभाऊने पुढचं घर स्लॅबचं बांधलंय, टाइल्स-बिइल्स बसवून. पण जिजीच्या खोलीतली एक भिंत जुनीच राहिली आहे, मातीची, हातभर जाड. जेवण झाल्यावर मी आत डोकावलो. जिजी डोळे मिटून पडलेली. खाटेच्या बरोब्बर समोर, त्या जुन्या भिंतीवर एक कॅलेंडर. कॅलेंडरवर कोणी दोनदा नजर टाकत नाही, पण माझा आजार म्हणतात तो हाच... ते भिंतीवर नव्हतं, एका फळीवर टांगलेलं होतं. आणि फळीला चारी बाजूंनी सागाची चौकट होती, आतल्या अंगाला खिळे मारलेली. फ्रेमची पाठ होती ती! कोणीतरी एक मोठी फ्रेम भिंतीकडे तोंड करून टांगली होती आणि तिच्या पाठीवर वर्षानुवर्षं कॅलेंडरं बदलत होती.

मी कॅलेंडर अलगद काढलं. कागद वाजला असेल.

“महिना बदलना का रे?” जिजीने डोळे न उघडता विचारलं.

“हो, जिजी,” मी म्हणालो. महिना बदलला नव्हता. पण कोण समजावत बसणार, असं वाटलं मला. हे वाक्य मी मुद्दाम लिहितोय. नंतर मला ते फार वेळा आठवलंय.

भटूभाऊला विचारलं. तो ओसरीवर लवंडला होता. “लई जा, दाजी. मी धाकला व्हतू तवपासून तठे कॅलेंडरच देखं. मन्ही आजी कोनाले हात लावू देत नव्हती. आते आजी बी नही.” वहिनींना विचारलं, त्या म्हणाल्या, जाळं निघेल तेवढंच. मी घरातल्या सगळ्यांना विचारलं. झोपली आहे असं समजून एकीला फक्त विचारलं नाही.

घरी आणून कापडाने काच पुसली आणि मी खालीच बसलो.

माझ्याकडे सदतीस चित्रं आहेत, पण असे रंग मी पाहिले नव्हते. इतकी वर्षं उजेड न लागल्यामुळे काल काढल्यासारखे. एक तरुण, फेटा, बंद गळ्याचा कोट, खुर्चीच्या पाठीवर हात. शेजारी एक मुलगी. हिरवं लुगडं, नाकात नथ, कपाळावर मसुरीच्या डाळीएवढं लालभडक कुंकू. अशा चित्रांतल्या बायका खाली बघतात. ही समोर बघत होती. आणि ओठ असे मिटलेले, जणू रंगाऱ्याने ‘हलू नको’ म्हटल्यामुळे हसू दाबून धरलंय.

“हाऊ तर मामासारखा दिखस,” सुनंदा म्हणाली. मग चित्रावर वाकली. “थोरला मामा शे. आन हाई... हाई जिजी शे.”

मग परत नेऊन देऊ या का, असं ती म्हणाली, हेही प्रामाणिकपणे लिहितो. आणि मी म्हणालो, “अगं, त्यांनी खुशीने दिलंय.” संग्राहक माणसाची जीभ अशा वेळी वकिलासारखी चालते.

मोबाइलवर मी अकरा फोटो काढले. फ्रेमच्या पुढच्या बाजूला वर दोन पितळी कड्या होत्या, उलटं टांगण्यासाठी मुद्दाम बसवलेल्या. त्या तशाच ठेवल्या, मागच्या बाजूला दोन नव्या कड्या बसवल्या आणि चित्र हॉलमध्ये सोफ्यासमोर टांगलं. तोंड बाहेर.

दुसऱ्या दिवशी दुपारी कूलरसमोर डुलकी काढून उठलो, तर सोफ्यासमोर लाकडी फळी. चित्र भिंतीकडे तोंड करून.

“सुनंदा! आवडत नसेल तर तसं सांगावं माणसाने!”

“काय?” ती पदराला हात पुसत आली. बघितलं. “मी काय हात लाया नही त्याले. तुम्हीच करं व्हई, आन आते मन्ह नाव.”

अर्धा तास आम्ही एकमेकांवर संशय घेतला. तीस वर्षांच्या संसारात याची चांगली प्रॅक्टिस आहे. शेवटी मी चित्र सरळ केलं, ती चहा टाकायला गेली.

दोन दिवसांनी पुन्हा. भरदिवसा, अकराच्या सुमाराला. मी अंगणात सायकलला हवा भरत होतो, ती शेजारणीकडे पापड लाटत होती. दार माझ्या नजरेसमोर. आत येऊन बघतो तर चित्र त्या जुन्या कड्यांवर व्यवस्थित टांगलेलं, पाठ आमच्याकडे. बघा, वाऱ्याने फ्रेम पडते. वारा फ्रेम उचलून, फिरवून, दोन कड्या दोन खिळ्यांत ओवून ठेवत नाही.

माझ्यातला प्रयोगशाळा सहायक जागा झाला. पुढच्या दोन्ही जुन्या कड्या मी पान्ह्याने काढल्या आणि खिशात टाकल्या. आता चित्र उलटं टांगायला आधारच नाही! चित्र सरळ लावलं. मग परीक्षेच्या वेळी कपाटाला लावतो तशा कागदाच्या चार पट्ट्या फ्रेमपासून भिंतीपर्यंत डिंकाने चिकटवल्या, प्रत्येकीवर माझी सही. प्रकाशा गावात एक लग्न होतं. घराला कुलूप लावलं, किल्ली माझ्या खिशात, कड्याही त्याच खिशात. मांडवात बसल्या बसल्या मी त्या चाचपत होतो. पंगतीत शेजारच्याने विचारलं, “काय, सुपारी आहे का?”

चारच्या सुमाराला परत आलो. कुलूप जसंच्या तसं. सुनंदा माझ्या मागे होती. मी दार ढकललं आणि तिने मागून माझा शर्ट धरला.

चित्राची पाठ आमच्याकडे होती. चारही पट्ट्या अखंड. सह्यांवरून एक रेघसुद्धा तुटलेली नाही.

आता इथे शहाण्या माणसाने काय केलं असतं? फोटो काढला असता. फ्रेम कशाला अडकली आहे, ते वाकून बघितलं असतं. वर्षानुवर्षं मुलांना ‘आधी निरीक्षण, मग हात’ असं सांगणाऱ्या मी काय केलं? धावत जाऊन फ्रेम धरली आणि ओढली. पट्ट्या टर्रकन फाटल्या आणि चित्र माझ्या हातात आलं — अलगद, बाळ हातात यावं तसं. ते कशातही अडकलेलं नव्हतं. एवढं वजन त्या भिंतीवर कशाच्या आधाराने होतं, मला माहीत नाही. आणि आणखी एक. मे महिना, बंद घर, भिंती तव्यासारख्या तापलेल्या. काच मात्र माठासारखी गार होती.

कड्या माझ्या खिशातच होत्या.

सुनंदा पाण्याचा तांब्या घेऊन पायरीवर बसली. “तिले उलटंच ऱ्हावानी सवय लागी गयी,” ती म्हणाली. चेष्टेत नाही. जसं एखाद्या माणसाबद्दल बोलावं तसं. मग तिने धानोऱ्याला फोन लावला. वहिनींना चित्राचं काही सांगायचं नाही असं ठरलं होतं, नुसती चौकशी करायची. फोन स्पीकरवर होता.

“बाकी ठीक शे, ताई,” रंजनावहिनी म्हणाल्या. “जिजीनंच काही खरं नही. तुम्ही गयात त्या दिनपासून भितडाकडे तोंड करी पडेल शे. कूस बदलत नही. आम्ही फिरावतस, परत भितडाकडे. जेवत नही, बोलत नही. नंदुरबारना डॉक्टर घर येई गया. तो म्हणे, वय शे, आते किती दिन काढी ते देखा.”

सुनंदाने माझ्याकडे बघितलं. मी हातातल्या त्या दोन कड्यांकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघालो. चित्र गोधडीत गुंडाळून दोघांच्या मध्ये उभं धरलेलं. कंडक्टरने विचारलं, “आरसा आहे का?” सुनंदा म्हणाली, “नही भाऊ. माणूस शे.” तो हसला. मी हसलो नाही. तापीचा पूल ओलांडताना गाडी हादरली तेव्हा गोधडीवर आमचे दोघांचेही हात एकदमच पडले.

धानोऱ्याला जिजी खरंच तशीच पडलेली होती. पाठ आमच्याकडे, तोंड भिंतीकडे, गुडघे पोटाशी. आठवड्यात निम्मी झालेली. ताटातली खिचडी सुकून गेली होती. मी काही बोलायच्या आतच तिने विचारलं,

“लई उनात का?”

गोधडीसुद्धा सोडली नव्हती हो आम्ही अजून!

“आणलं, जिजी,” मी म्हणालो. “माझं चुकलं. तुम्हाला विचारायला हवं होतं.”

“माले कोन इचारस, भाऊ?” तक्रारीचा सूर नव्हता. मला तरी वाटलं, थोडी गंमतच होती. ती हळूहळू वळली. वहिनींनी पाठीशी उशी लावली. आणि मग आठ दिवस न बोललेली ती बाई बोलायला लागली.

देऊळ रंगवायला सुरतेकडचा रंगारी आला होता, लग्नानंतर महिन्याभराने. सासऱ्यांनी हौसेने दोघांना उभं केलं. तिने ते चित्र तयार झाल्यावर एकदा, फक्त एकदा बघितलं, कारण नव्या सुनेने पुढच्या खोलीत जायचं नाही. मग वर्षाच्या आत नवरा गेला. त्याचं दुसरं चित्र नाही, फोटो नाही. सासूला मुलाचं तोंड तर बघायचं होतं, पण त्याच्या शेजारी कुंकू लावून उभी असलेली ही... ते तिला सहन होईना. रंगाऱ्याला गावोगाव शोधून परत आणलं. एवढं कुंकू पुसून दे.

“तो म्हने, ‘माय, सगळास्ना पहिले कुंकूच मांडं मी. बाकी सगळं त्यान्हा मांगे शे. कुंकू काढाले गया तर हिन्ह तोंड जाई. हिन्ह तोंड गयं तर बाजूना तुन्हा पोऱ्या बी जाई.’” जिजी थांबली. “मंग सासूनी भितडाकडे तोंड करी दिन्हं. दोन्हीसनं.”

मी सदतीस चित्रांचा मालक. कुंकू आधी काढतात, हे मी लोकांना मोठ्या ऐटीत समजावून सांगतो. त्याचा असाही अर्थ होतो, हे मला कधी सुचलं नव्हतं.

“रोज देखे मी,” जिजी म्हणाली. “मांगली बाजू. कॅलेंडरना मांगे मी शे, एवढं माले माहीत व्हतं. तेवढं पुरे व्हतं. तू लई गया, आन मंग आठे काहीच नही उरनं.”

मी गोधडी सोडली. चित्र तिच्यासमोर धरलं. तिने तोंड इतकं जवळ आणलं की नाक काचेला टेकलं. डोळे तसे कामातून गेलेले. पण ती बघत होती, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, बोट फिरवत. सुनंदाने हळूच विचारलं, “मामा दिखस का, जिजी?”

“त्यासनं तोंड माले आठवस,” ती म्हणाली. बोट सरकत सरकत त्या मुलीच्या कपाळावर थांबलं. “मन्हं आठवत नही. तेच देखनं व्हतं.”

भिंतीवर लावताना भटूभाऊ दारात उभा राहून पुटपुटला, “सरळ लावतस? लोकं काय म्हनतीन, दाजी... कपायवर कुंकू...”

“फोटूना कपायवर शे ते,” रंजनावहिनी त्याच्याकडे न बघताच म्हणाल्या. “आन लोकं आपला घरमा काय, कॅलेंडर देखाले येतस का? तो हातोडा द्या आठे.”

चित्र खाटेच्या उशाला, हात पोचेल असं लावलं. तोंड बाहेर. संध्याकाळी जिजीने वाटीभर वरणभात खाल्ला.

ते चित्र पुन्हा एकदाही फिरलं नाही. वहिनी आठवड्याला फोनवर सांगायच्या. जिजी बरी होती, खाटेवर उठून बसायची, भटूभाऊला हाका मारून कामं सांगायची. जवळजवळ सत्तर वर्षांत तिने कोणाला काम सांगितलेलं नव्हतं. भटूभाऊ पार गोंधळून गेला होता. आणि रोज सकाळी तोंड धुतलं की ती हात वर करून काचेवर त्या कुंकवावर बोट ठेवायची, आणि मग तेच बोट आपल्या कपाळाला लावायची. वहिनींना आधी अवघड वाटायचं, मग सवय झाली. काचेच्या पुढून नुसती काच लागते हाताला. रंग मागे असतो. बोटाला काही लागणं शक्यच नाही — हे मी वहिनींना फोनवर समजावून सांगितलं होतं, हे लक्षात ठेवा.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात जिजी गेली. झोपेतच, शांतपणे. सकाळी वहिनींचा फोन आला. त्या रडत नव्हत्या, घाईत बोलत होत्या. “दाजी, तुम्ही या. आन येताना त्या तुमना मोबाइलमधला फोटू लई या.”

आम्ही पोचलो तेव्हा बायकांनी जिजीला अंघोळ घातली होती. तिच्या कपाळावर, बरोब्बर मध्ये, मसुरीच्या डाळीएवढं लाल कुंकू होतं. ओलं नाही, पूड नाही. वहिनी म्हणाल्या, दोन तांबे पाणी ओतलं, पुसलं, साबण लावला, निघालं नाही. भावकीतल्या बायका आधी ओरडल्या, हे कोणी लावलं म्हणून. घरातल्या कुंकवाच्या करंड्याला कोणी हात लावला नव्हता. मग त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी पुढे आली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. ज्यानं शे त्याले समजी.” तशीच नेली तिला.

मी आत गेलो. चित्र उशाशी, तोंड बाहेर. फेटेवाला तरुण. हिरवं लुगडं. नथ. ओठांत धरलेलं हसू.

कपाळ मोकळं होतं.

या वेळी मी ओढाओढ केली नाही. आधी बघितलं. भिंगातून बघितलं, बॅटरी तिरकी धरून बघितलं. मग भटूभाऊच्या समोर मागची फळी काढली. तिचे खिळे गंजून बसलेले होते, आमच्या आधी ते कोणी काढलेले नव्हते. फळीमागे रंगाची शेवटची निळी भिंत एकसंध, कुठे ओरखडा नाही, कपची नाही. कुंकू काढायचं तर या निळ्यातून, मग केसांतून, मग चेहऱ्यातून भोक पाडत जायला हवं. आणि समजा, कसंबसं काढलंच, तरी त्याच्या जागी काच आणि रंग यांच्यात पापुद्र्याएवढी पोकळी राहायला हवी. पोकळी नव्हती. तिथे चेहऱ्याचा गव्हाळ रंग थेट काचेला टेकलेला होता. जणू रंगाऱ्याने पहिल्या दिवशी कुंकू मांडलंच नव्हतं.

माझ्या मोबाइलमधल्या अकराही फोटोंत ते आहे.

एका रंगांच्या कारखान्यातल्या ओळखीच्या केमिस्टला मी फोटो दाखवले. तो म्हणाला, दोन वेगळी चित्रं आहेत ही. मी म्हटलं, बरं. काय वाद घालणार? मीही त्याच्या जागी टेबलामागे बसून तेच म्हणालो असतो आणि रात्री बायकोला सांगून हसलो असतो. जिजीच्या बोटाला काय लागत होतं, बंद घरात ती फ्रेम कशाच्या आधारावर होती — तीन वर्षं शोधतोय. सापळ्याच्या खांद्यावर मात्र आता टॉवेल टाकत नाही. उगाच.

चित्र धानोऱ्यालाच आहे. भटूभाऊने कॅलेंडरसाठी स्वयंपाकघरात वेगळा खिळा मारलाय. माझा आजार काही सुटलेला नाही, परवाच तळोद्याहून एक श्रीनाथजी आणले. फक्त हल्ली कोणाच्या भिंतीवरून काही उतरवायचं झालं, की मी आधी विचारतो : तुमच्याकडे सगळ्यात आतल्या खोलीत कोण असतं? आणि तिथे जाऊन, जागं करून, त्यांना विचारतो.